मिरचीची रोपे घरच्या घरी : थोड्या जागेत रोपे वाढविण्याच्या पद्धती

मिरची हे मूळचे अमेरिका खंडातील पीक होय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आले आणि पाहता पाहता येथल्या मातीशी व येथल्या स्वयंपाकाशी एकरूप झाले. आज नंदुरबार-दोंडाईच्याच्या बाजारापासून भिवापूरच्या शेतापर्यंत आणि गडहिंग्लजच्या माळापासून कोकणातील भातखाचरापर्यंत सर्वत्र मिरची पिकते. मोठ्या बागायतदाराप्रमाणेच चार-दोन गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही ती रोख पैसा मिळवून देते. तथापि मिरचीचे यश शेतात लावणी झाल्यावर ठरत नाही. ते बहुतांशी त्याआधीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे रोपवाटिकेत ठरते. ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही.

अल्पभूधारक शेतकऱ्याची या बाबतीत दोन्ही बाजूंनी अडचण होते. विहिरीजवळची तेवढीच जमीन उभ्या पिकाखाली असल्यामुळे वाफ्यासाठी वेगळी जागा त्याच्याजवळ नसते. म्हणून तो ऐन वेळी बाजारातून रोपे विकत आणतो. ती कोणत्या जातीची आहेत, किती दिवसांची आहेत आणि त्यांना रोग लागलेला आहे किंवा नाही, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. चुरडा-मुरडा, ज्याला कित्येक गावांत बोकड्या म्हणतात, त्या रोगाचा विषाणू कोवळ्या रोपात शिरला असला तरी प्रारंभी त्याचे चिन्ह दिसत नाही. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पाने वळू लागतात, झाड खुजे राहते आणि फळे धरत नाहीत. विषाणूने ग्रासलेले झाड बरे करील असे कोणतेही औषध नाही. अशा वेळी रोपांचा, खताचा व मशागतीचा खर्च तर जातोच, शिवाय हंगामही हातचा जातो.

या अडचणीतून वाट काढण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे घराच्या पडवीत, ओसरीवर किंवा अंगणाच्या कोपऱ्यात रोपे तयार करणे. त्यास वाफा लागत नाही, बी कमी लागते आणि रोपांवर घरातील माणसांची सतत नजर राहते.

जागेचे गणित

मिरचीची लावणी ६० × ४५ सेंटिमीटर अंतरावर केल्यास एका गुंठ्यास सुमारे ३७५ रोपे लागतात. नांगे भरण्यासाठी व खुरटी रोपे काढून टाकण्यासाठी वीस टक्के रोपे अधिक धरावीत. म्हणजे एका गुंठ्यासाठी ४५० रोपे पुरेशी होतात. वाफ्यावर रोपे करावयाची तर सर्वसाधारणपणे ३ मीटर लांब व १ मीटर रुंद गादीवाफा करतात. त्याची जागा तीन चौरस मीटर होते. याउलट ९८ कप्प्यांचा ट्रे साधारणतः ५४ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद असतो. असे पाच ट्रे घेतल्यास ४९० रोपे होतात आणि त्यांना सारी मिळून पाऊण चौरस मीटर जागा लागते. घरातील एका बाजेच्या निम्म्याहूनही ही जागा कमी आहे.

तथापि थोडी जागा याचा अर्थ दाटी असा करू नये. दाटीत वाढलेले रोप उंच, बारीक व फिकट होते आणि शेतात उन्हाचा पहिला तडाखा बसताच माना टाकते. जागा वाचविण्याचे खरे सूत्र वेगळे आहे. रोपास त्याच्या वयाप्रमाणे जागा द्यावी. पहिले आठ-दहा दिवस बियाला कापडाची एक घडी पुरते. त्यानंतर दोन-तीन आठवडे बोटभर रुंदीचा कप्पा पुरतो. मोठी जागा शेवटच्या पंधरवड्यातच लागते. जे बी उगवणार नाही, त्याला जागा आणि मातीही द्यावयाची नाही. पुढे सांगितलेल्या सर्व पद्धती याच सूत्रावर आधारलेल्या आहेत.

बियाण्याची निवड व परीक्षा

पुसा ज्वाला, फुले ज्योती, अग्निरेखा, परभणी तेजस, कोकण कीर्ती यांसारख्या सुधारित जातींमधून आपल्या भागास व बाजारास मानवणारी जात निवडावी. घरचे बी धरावयाचे असेल तर निरोगी झाडावरील दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची, पूर्ण पिकून लाल झालेली फळे घ्यावीत. संकरित जातीचे बी मात्र घरी धरू नये, कारण पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

मिरचीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १५० ते २०० बिया भरतात. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी असे ठरविलेले आहे. या हिशेबाने ४५० रोपांसाठी ७५० बिया, म्हणजे चार ते पाच ग्रॅम बी पुरते. वाफ्यासाठी हेक्टरी एक ते सव्वा किलो बियाण्याची शिफारस आहे. तिच्या प्रमाणात गुंठ्याला दहा ते बारा ग्रॅम बी लागते. संकरित किंवा ढोबळी मिरचीचे बी महाग असल्यामुळे ही बचत लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी आहे.

पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी चोळावी. दर किलोस पाच ग्रॅम हे प्रमाण आहे. घरच्या चार-पाच ग्रॅम बियाण्यास अगदी चिमूटभर पुरते.

कापडात मोड आणणे

मटकीला मोड कसे आणावेत हे महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीस शिकवावे लागत नाही. मिरचीच्या बियाण्यास मोड आणण्याची रीतही तीच आहे; फक्त धीर थोडा अधिक लागतो.

बी रात्रभर, म्हणजे सुमारे बारा तास, कोमट पाण्यात भिजत घालावे. जुने सुती कापड उकळत्या पाण्यातून काढून निवू द्यावे आणि घट्ट पिळावे. कापड ओलसर असावे, परंतु दाबले असता त्यातून पाणी गळू नये. पाणी गळणाऱ्या कापडात बियाण्यास हवा मिळत नाही आणि ते कुजते. कापडावर बी एकमेकांस न चिकटेल असे पसरावे, भुकटी याच वेळी लावावी, आणि कापडाची सैल गुंडाळी करून ती झाकणाच्या डब्यात ठेवावी. झाकण पूर्ण घट्ट लावू नये. डब्यावर जातीचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

या पद्धतीचा खरा लाभ उबेमुळे मिळतो. मिरचीचे बी २५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात सुमारे आठ दिवसांत उगवते. तेच तापमान २० अंशांवर आले की बारा-तेरा दिवस लागतात आणि १५ अंशांवर तीन आठवड्यांहून अधिक काळ जातो. उन्हाळी मिरचीसाठी डिसेंबर-जानेवारीत बी टाकावे लागते. त्या वेळी नाशिक, पुणे किंवा विदर्भातील रात्री कडाक्याच्या थंड असतात. उघड्या वाफ्यातील बी थंड मातीत पडून राहते आणि त्यातील पुष्कळसे सडते किंवा मुंग्या नेतात. घरात मात्र डबा चुलीपासून हातभर अंतरावर, फडताळात किंवा पेंढ्याने भरलेल्या टोपलीत ठेवल्यास ऊब टिकते. डबा हाताला कोमट लागावा, गरम लागू नये. निखाऱ्याजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेले बी भाजून निघते.

चौथ्या दिवसापासून कापड रोज उघडून पाहावे. मिरचीचे सर्व बी एकाच दिवशी मोडत नाही. ज्या बियांना तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढरा मोड आला असेल त्या रोज वेगळ्या काढाव्यात आणि उरलेल्या पुन्हा गुंडाळून ठेवाव्यात. मोड लांब वाढू दिल्यास तो कापडाच्या धाग्यांत अडकतो व उचलताना तुटतो. मोड तुटलेले बी वाया जाते. बी उचलण्यासाठी ओली काडी किंवा पक्ष्याचे पीस वापरावे. मोड बोटांच्या चिमटीत धरू नये.

मोड आलेले बी लावण्याच्या चार पद्धती

पहिली पद्धत कप्प्यांच्या ट्रेची. ट्रेचा खर्च एकदाच करावा लागतो आणि तो नीट धुऊन ठेवल्यास कित्येक हंगाम टिकतो. प्रत्येक कप्प्यात मोड आलेले एकच बी, मोड खाली करून, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल ठेवावे व वर बारीक मिश्रण भुरभुरावे. प्रत्येक रोपाची मुळे स्वतंत्र असल्यामुळे लावणीच्या वेळी ती तुटत नाहीत.

दुसरी पद्धत कागदी पेल्यांची. वर्तमानपत्राचा पट्टा पेल्याभोवती दोन-तीन पदरांत गुंडाळून तळ आत दुमडला की पाच सेंटिमीटर रुंदीचा कागदी पेला तयार होतो. ४५० पेल्यांस सव्वा चौरस मीटर जागा लागते. दोन मजली मांडणीवर ते सहज राहतात. पेले एकमेकांस चिकटून उभे केल्यास पडत नाहीत. लावणी पेल्यासह करता येते. मात्र तळ फाडून टाकावा आणि पेल्याचा काठ मातीत पूर्ण झाकावा. काठ उघडा राहिल्यास कागद मुळांजवळची ओल शोषून हवेत घालवितो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या वापरावयाच्या असल्यास तळाशी चार भोके पाडावीत व लावणीच्या वेळी पिशवी काढून घ्यावी.

तिसरी पद्धत गावात फुकट मिळणाऱ्या वस्तूंची. पळसाच्या पानांचे द्रोण, केळीच्या सोपटाचे पेले, कोकणात नारळाच्या करवंट्या आणि घरोघरी जमणारे पत्र्याचे डबे ही सर्व भांडी चालतात. द्रोण व सोपट पाच-सहा आठवड्यांत कुजू लागतात, म्हणून ते ओळीने एका पाटीत मांडून ठेवावेत. करवंटीच्या डोळ्यास भोक पाडल्याशिवाय ती वापरू नये. पाण्याचा निचरा होत नसलेले कोणतेही भांडे रोपास मारक ठरते.

चौथी पद्धत गुंडाळीची. ही सर्वांत कमी जागेची पद्धत आहे. जाड प्लॅस्टिकचा दहा-बारा सेंटिमीटर रुंद व एक मीटर लांब पट्टा घ्यावा. त्यावर दोन सेंटिमीटर जाडीचा ओलसर मिश्रणाचा थर द्यावा व चटई गुंडाळावी तसा तो गुंडाळून सुतळीने बांधावा. गुंडाळी उभी केली म्हणजे वरच्या बाजूस मातीची चक्राकार रेघ दिसते. तिच्यावर दर तीन सेंटिमीटरवर मोड आलेले एक बी ठेवावे. सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाच्या एका गुंडाळीत तेहतीस रोपे मावतात आणि तीन गुंडाळ्या एका घमेल्यात उभ्या राहतात. परंतु ही पद्धत रोपाच्या बालपणापुरतीच योग्य आहे. रोपांस चार खरी पाने येताच गुंडाळी सोडवून रोपे पेल्यांत हलवावीत, अन्यथा ती दाटीने लांबतात. ज्यांच्याजवळ पहिले तीन आठवडे अगदीच जागा नसते, त्यांच्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे.

मातीचे मिश्रण

एक भाग पोयटा, एक भाग चाळलेले व पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग बारीक वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यावा. काथ्याच्या भुशात क्षार असतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. कच्चे शेणखत मुळीच वापरू नये. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात आणि त्याबरोबर हुमणीची अंडी व तणाचे बी येते.

मिश्रण निर्जंतुक करणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत ते ओले करून, पातळ थरात पसरून, पारदर्शक प्लॅस्टिकने चोहोबाजूंनी बंद करून तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावे. इतका अवधी नसेल तर मिश्रणावर उकळते पाणी ओतून ते पूर्ण निवू द्यावे. त्यानंतर त्यात थोडी ट्रायकोडर्मा मिसळावी. तापविण्यापूर्वी ती मिसळल्यास उष्णतेने मरते.

उजेड आणि मांडणी

मोड येईपर्यंत बियाण्यास उजेडाची गरज नसते. परंतु अंकुर मातीबाहेर डोकावताच त्याच दिवशी त्याला उजेडात आणावे. घरच्या रोपांत सर्वांत अधिक नुकसान याच ठिकाणी होते. रोपे उगवली तरी ‘अजून नाजूक आहेत’ म्हणून ती घरात ठेवली जातात आणि दोनच दिवसांत त्यांच्या देठांचे पांढरे दोरे होतात. असे रोप पुढे कधीही सुधारत नाही.

रोपांस रोज पाच-सहा तास ऊन मिळावे. पूर्वेकडील ओसरी किंवा भिंत यासाठी उत्तम होय. भिंतीलगत बांबूची दोन किंवा तीन मजल्यांची मांडणी करावी. वरचा मजला अरुंद व खालचा रुंद ठेवला म्हणजे पायऱ्यांप्रमाणे प्रत्येक मजल्यास ऊन पोचते. ट्रे व पाट्या रोज एकदा फिरवाव्यात आणि दर दोन दिवसांनी वरच्या खाली कराव्यात. कोकणात पावसाळ्यात वळचणीचे पाणी रोपांवर पडणार नाही अशी काळजी घ्यावी. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत.

पाणी

कप्प्यात माती थोडी असते. ती लवकर भिजते आणि लवकर सुकते. त्यामुळे वाफ्याची सवय येथे चालत नाही. तांब्याने वरून पाणी ओतल्यास बी वाहून जाते व कोवळे देठ मातीने माखतात. परातीत बोटाच्या एका पेराएवढे पाणी घेऊन त्यात ट्रे पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. वरची माती ओलसर दिसू लागली की तो लगेच बाहेर काढावा. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पृष्ठभाग सुकतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पुन्हा एकदा पाहणी करावी. पाणी द्यावयाचे किंवा नाही हे घड्याळावरून न ठरविता मातीस बोट लावून ठरवावे.

दोन खरी पाने आल्यानंतर रोपे फिकट दिसत असतील तरच लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत विरघळवून एकदा द्यावे. नत्राचा अतिरेक झाल्यास रोपे लुसलुशीत होतात व किडी त्यांकडे ओढल्या जातात.

रोग व किडींपासून संरक्षण

रोपे कोलमडणे हा रोपवाटिकेतील सर्वांत घातक रोग होय. जमिनीलगतचा देठ पाणचट होऊन बारीक होतो आणि रोप आडवे पडते. पिथियमसारख्या बुरशींमुळे हा रोग होतो. साचलेली ओल, दाट पेरणी व कोंदट हवा यांवर तो पोसतो. वाफ्यात तो एका रोपावरून दुसऱ्यावर वेगाने पसरतो. स्वतंत्र कप्प्यांत त्याचा फैलाव रोखणे सोपे जाते. कोलमडलेले रोप मातीसह उचलून दूर पुरावे, पाणी कमी करावे आणि उरलेल्या रोपांच्या मुळाशी दहा लिटर पाण्यात तीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून थोडे थोडे द्यावे.

चुरडा-मुरड्याचा विषाणू पांढरी माशी पसरविते. फुलकिडे व कोळी यांच्या उपद्रवानेही पाने वळतात. यावर पहिला उपाय म्हणजे किडीस रोपापर्यंत पोचू न देणे. मांडणीवर चाळीस मेशची बारीक जाळी किंवा तिच्या अभावी पातळ मलमल बांधावी आणि तिच्या कडा खाली दाबून ठेवाव्यात. जाळीत एक पिवळा चिकट सापळा टांगल्यास माशीचा शिरकाव झाला किंवा नाही हे समजते. गरज पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. जुन्या मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या झाडांजवळ मांडणी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. तंबाखूच्या पानात व विडीत असलेला केवड्या रोगाचा विषाणू हातांवाटे मिरचीस लागतो. यास्तव तंबाखू मळणाऱ्याने किंवा विडी ओढणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांस हात लावू नये.

रोपे कणखर करणे व लावणी

बी भिजत घातल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत रोपे १२ ते १५ सेंटिमीटर उंच होतात व त्यांस पाच-सहा पाने येतात. लावणीपूर्वी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करावे आणि रोपे दिवसेंदिवस अधिक काळ पूर्ण उन्हात ठेवावीत. लावणी सायंकाळी करावी. आदल्या दिवशी सरीस पाणी द्यावे, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता रोप लावावे व लगेच हलके पाणी द्यावे. जून झालेली, मुळे कप्प्यात गोल फिरलेली रोपे जोमाने वाढत नाहीत. म्हणून शेत केव्हा तयार होणार आहे त्याचा हिशेब करूनच बी भिजत घालावे. एकाच वेळी सर्व बी न घालता दहा दिवसांच्या अंतराने दोन वेळा घातल्यास पाऊस लांबला तरी हाताशी योग्य वयाची रोपे राहतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या पद्धतीचा प्रसार भाषणाने होणार नाही. तो प्रत्यक्ष पाहण्याने होईल. कार्यकर्त्यांनी गावात प्रत्येक वाडीतील एक कुटुंब निवडावे. एकाच पिशवीतील शंभर बिया कापडात व शंभर बिया वाफ्यात टाकाव्यात. उगवलेल्या, कोलमडलेल्या आणि लावणीयोग्य झालेल्या रोपांचे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत. ते आकडे शेजारपाजारचे लोक आपण होऊन वाचतील. हे काम बहुधा घरातील स्त्रियांच्या हातून होते. म्हणून प्रात्यक्षिकाची वेळ त्यांच्या सोयीने ठरवावी आणि माहिती त्यांनाच प्रथम द्यावी. महिला बचत गटांनी एकत्र येऊन ट्रे व जाळी विकत घेतल्यास प्रत्येकीच्या वाट्यास येणारा खर्च कमी होतो.

पहिल्या वर्षी सर्व क्षेत्राची रोपे घरी करण्याचा आग्रह धरू नये. एका गुंठ्यापुरती रोपे करावीत, चुका होतील त्या टिपून ठेवाव्यात आणि पुढच्या हंगामात प्रमाण वाढवावे. कापड फार ओले राहणे, उगवलेली रोपे अंधारात ठेवणे आणि वरून पाणी ओतणे या तीन चुका टाळल्या तरी बहुतेक काम साधते.

ज्या शेतकऱ्याची मिरची त्याच्याच पडवीत उगवली, त्याला तिची जात, तिचे वय आणि तिची प्रकृती ठाऊक असते. ऐन हंगामात रोपांसाठी त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही. कापडाची एक घडी, ओसरीवरील बाजेएवढी जागा आणि घरातील माणसांचे चाळीस दिवसांचे लक्ष एवढ्या भांडवलावर हे काम होण्यासारखे आहे. येत्या हंगामात प्रत्येक मिरची-उत्पादकाने निदान एक ट्रे घरी लावून त्याचा अनुभव घ्यावा.